गयाबाईंच्या घरातल्या दोन खुर्च्या

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. आईपाशी नाही, नवऱ्यापाशी नाही. नांदेडच्या वसतिगृहात जिच्यासोबत तीन वर्षं एका ताटात जेवले, त्या मैत्रिणीपाशीसुद्धा नाही. आणि खरं सांगायचं तर आज वही उघडली तीही हे लिहायला नव्हे.

संस्थेनं माझ्याकडं एक पान मागितलं आहे. आमच्या इतक्या वर्षांच्या कामाची पुस्तिका निघणार आहे. नव्या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात मी एक गोष्ट सांगते – सगळे तिला ‘गयाबाईंची चूक’ म्हणतात – ती ‘तुझ्याच शब्दांत लिहून दे’ असं संस्थेचे प्रमुख, आमचे सर म्हणाले. पंधरा दिवस झाले त्याला. सर जिन्यात दिसले की मी फोन कानाला लावते. पलीकडं कुणी नसतं. दोनदा त्यांनी लांबूनच हातानं ‘पान, पान’ अशी खूण केली, मी हसले, आणि मग मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. एक पान! जी गोष्ट मी इतक्या वेळा न अडखळता सांगितली, ती एकदा कागदावर उतरवायला हात का धजत नाही?

बोललेलं वाऱ्यावर जातं, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. छापलेलं कुठं जाणार?

थांबा. आधी संस्थेबद्दल सांगते, नाहीतर तुम्हाला नीट कळणार नाही. की मीच वेळ काढते आहे? असेलही.

लातुरात आमची संस्था गरीब कुटुंबांच्या आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरांसाठी काम करते. कुणाचे गळके पत्रे बदलून द्यायचे, कुणाच्या दाराशी पायरीऐवजी उतार करून द्यायचा, संडासात धरायला दांडी बसवायची, घरमालक एखाद्या म्हातारीला बाहेर काढायला निघाला तर तिच्या बाजूनं जाऊन बोलायचं – अशी कामं. दिसायला बारीक, पण ज्याच्या घरात होतात त्याला विचारा. शिवाय संस्थेच्या स्वतःच्या दोन इमारती आहेत. खोल्या लहान, पण आत नळ, आत संडास, भाडं नावापुरतं. तळमजल्याच्या खोल्या म्हाताऱ्या माणसांसाठी राखलेल्या. त्यातली एक मिळावी म्हणून लोक वर्षानुवर्षं थांबतात.

मी बिलोली तालुक्यातली. आईबाप दुसऱ्यांच्या रानात कामाला जायचे. आमच्या साऱ्या भावकीत पहिली पदवी माझी. संस्थेनं मला घेतलं तेव्हा आई गावात सांगत सुटली, ‘वैशालीला टेबल-खुर्चीची नोकरी लागली.’ टेबल नव्हतं, खुर्चीही नव्हती. दिवसभर वस्तीतून पायपीट होती. पण मी तिचं बोलणं कधी दुरुस्त केलं नाही. संस्थेनं मला माणसांत आणलं, चार लोकांत बोलायला शिकवलं. हे उपकार मी विसरलेले नाही. विसरले असते तर कदाचित हे सगळं सोपं गेलं असतं.

आता गयाबाई.

गयाबाईंची सगळी उमर डाळ मिलमध्ये डाळ निवडण्यात गेली. नवरा कधीच वारलेला, एक लेक उदगीरकडं दिलेली, ती दिवाळीला आली तर आली. मिलच्या मागच्या वस्तीत त्यांची पत्र्याची एक खोली होती आणि ती वस्ती माझ्याकडं होती. गुडघे पार गेलेले. संडास सार्वजनिक, गल्लीच्या टोकाला, मोठ्या नालीच्या पलीकडं. नालीवर एक शहाबादी फरशी टाकलेली, एका बाजूनं डुगडुगणारी. त्या फरशीची गयाबाईंना इतकी धास्ती होती की दुपारनंतर त्या पाणीच पीत नसत. लातूरच्या उन्हाळ्यात. ओठांना चिरा पडलेल्या असायच्या. ‘पानी पेलं की उठावं लागतंय, पोरी,’ असं त्या सहज सांगायच्या. सरकी पेंड महाग झाल्याचं सांगावं तसं.

मला हे माहीत होतं. माझ्या वहीत लिहिलेलं होतं. एवढं ध्यानात ठेवा.

आणि आता ती गोष्ट, मी सांगते तशी. मुरुडला आमचं प्रशिक्षण केंद्र आहे. लातूर आणि नांदेड, दोन्ही जिल्ह्यांतले नवे कार्यकर्ते तिथं येतात, आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतरचा तास माझा असतो. जेवण झालेलं, सगळे पेंगुळलेले – पण माझ्या तासाला कुणी झोपत नाही, अशी माझी ख्याती आहे.

मी सांगते : खोल्या द्यायच्या तर आधी पाहणी होते. समितीची माणसं घरोघर जाऊन फॉर्म भरतात. भिंत कशी, छत कसं, घरात काय काय आहे, संडास किती लांब, चालताना आधार लागतो का. पाहणी कधी आहे हे घरच्यांना आधी कळू द्यायचं नाही, हा पहिला नियम. वस्तीतल्या कार्यकर्त्यानं फक्त वाट दाखवायची आणि दारात उभं राहायचं, तोंड उघडायचं नाही, हा दुसरा. म्हणजे कुणी आपल्या माणसाची वर्णी लावू नये. का कळू द्यायचं नाही? – असं मी विचारते. पोरं म्हणतात, लोक घरातलं सामान लपवतील म्हणून. टीव्ही शेजारी नेऊन ठेवतील. मी म्हणते, नाही. तुम्हाला आपली माणसं अजून माहीत नाहीत. आणि मग गयाबाईंची गोष्ट.

गयाबाईंना कुठून तरी कुणकुण लागली की मोठे लोक बघायला येणार. म्हणजे त्यांच्या लेखी पाहुणे येणार. मग बाईनं काय करावं? भिंतींना चुना मारला. शेजारणीकडून पंखा आणला, मिक्सर आणला, खुर्च्या आणल्या. जिथून पाणी गळायचं तिथं गणपतीचं कॅलेंडर टांगलं. काठी दाराआड लपवली. समिती आली तर हिनं हसून ‘या, बसा’ म्हटलं, पोहे केलेले, चहा तयार. समितीतल्या ताई विचारतात, ‘आजी, काही अडचण?’ तर ही म्हणते, ‘काई न्हाई बगा. देवाच्या दयेनं समदं हाय.’ ‘संडास?’ ‘हाय की जवळच.’ ‘चालायला त्रास?’ ‘मला काय धाड भरलीय?’

इथं पोरं हसतात.

समितीनं फॉर्मवर लिहिलं : पंखा आहे, मिक्सर आहे, खुर्च्या आहेत, स्वतः चालतात, विशेष गरज दिसत नाही. खोली दुसऱ्याला गेली. आणि मी तासाच्या शेवटी म्हणते, ‘पाहुण्यासमोर आपलं दुःख मांडू नये, ही आपल्या माणसांची रीत आहे. गयाबाईंची चूक ही त्या रीतीची चूक आहे. म्हणून तुम्ही सावध राहा.’ पोरं वहीत लिहून घेतात. काही मुलींच्या डोळ्यांत पाणी असतं. टाळ्या होतात.

सगळं खरं आहे. चुना खरा, कॅलेंडर खरं, ‘मला काय धाड भरलीय’ हेही शब्दाला शब्द खरं.

एकच – ‘कुठून तरी कुणकुण लागली’ हे नाही.

*

मी दहावीला असताना आमचे हेडसर एकदा घरी येणार होते. मी शाळेत पहिली आले म्हणून बापाला भेटायला. आदल्या दिवशी आईनं घर सारवलं, पाटलाच्या घरून एक खुर्ची आणली, दोन कपबश्या एकीकडून, साखर दुसरीकडून. अंगावरची साडीसुद्धा मावशीची होती. सर त्या खुर्चीवर बसले, चहा प्याले, म्हणाले, ‘घर नीटनेटकं ठेवलंय हो.’ आई आठवडाभर फुलून होती. मी तिला म्हटलं होतं, खुर्ची तर आपली नव्हती. ती म्हणाली, ‘पाव्हण्याला आपलं रडगाणं दाखवलं की त्याला चहा कडू लागतोय.’

हे का सांगते आहे? तुम्हाला माझी दया यावी म्हणून? तसं असेल तर ते खोडून टाका. आईनं जे केलं ते स्वतःच्या घरात, स्वतःच्या लेकीसाठी केलं. त्यात कुणाचं काही गेलं नाही.

पाहणीच्या समितीत पुण्याच्या एक ताई होत्या, मालतीताई. मी लिहिलेला वस्तीचा अहवाल त्यांनी वाचला होता आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, ‘ही मुलगी किती छान लिहिते.’ असं मला आधी कुणी म्हटलं नव्हतं. पाहणीच्या आदल्या दिवशी सरांनी मला घरांची यादी दिली. पहिलंच नाव गयाबाईंचं. आणि माझ्या डोळ्यांसमोर काय आलं असेल? त्यांची गरज? नाही. मालतीताई त्या खोलीत वाकून शिरतायत, कोपऱ्यात मोरीचा वास, दोरीवर लुगड्याच्या चिंध्या, बसायला फाटकी चटई – आणि त्या मान वळवून माझ्याकडं बघतायत. म्हणजे हिची वस्ती ही. म्हणजे ही अशाच घरातली.

मला लाज वाटली. गयाबाईंची लाज वाटली. जी बाई मी दारात दिसले की स्वतःची भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवायची, तिची.

मी संध्याकाळी त्यांच्याकडं गेले. नियम मला पाठ होता. मी म्हणाले, ‘आजी, उद्या दहाला मोठी माणसं येणार हायत. जरा आवरून ठेवा. असंच पडलेलं दाखवू नका.’

त्या घाबरल्या. ‘अगं माय. बसाया काय देऊ? चटईवर कसं बसवू त्यान्ला?’

‘शेजारच्या भाभीकडून दोन खुर्च्या आणा की,’ मी म्हणाले.

एवढंच बोलले. पंखा, मिक्सर, चुना हे सगळं त्यांनी मनानं केलं. पण सुरुवात त्या दोन खुर्च्यांपासून झाली, आणि खुर्च्या मी सांगितल्या. दोन हा आकडासुद्धा माझा.

दुसऱ्या दिवशी मी दारात उभी होते. समोर पांढऱ्याशुभ्र भिंती. रातभर तिनं कशी मारली असेल चुन्याची कुंची, त्या गुडघ्यांनी? मला कळत होतं काय होतंय. फॉर्मवर एकेक खूण होताना दिसत होती. कार्यकर्त्यानं बोलायचं नाही, हा नियम त्या वेळी मी अगदी कसोशीनं पाळला. बाहेर पडताना मालतीताई म्हणाल्या, ‘किती छान ठेवलंय घर.’ आणि माझी मान – काय सांगू – ताठ झाली.

इथवरचं तरी मी कधीतरी सांगितलं असतं. पोरवयातली चूक म्हणून सांगता आलं असतं. पुढचं तसं नाही.

*

यादी लागली. गयाबाईंचं नाव नव्हतं. ती खोली एका जोडप्याला गेली, म्हातारा आंधळा होता. त्यांचीही गरज खरीच होती. यादीवर कुणाची हरकत असेल तर आठ दिवसांनी संस्थेच्या पटांगणात बैठक होते. सगळी वस्ती सतरंजीवर बसते, सर समोर.

गयाबाई काही बोलणार नव्हत्या. शेजारची शबानाभाभी उठली.

‘सर, कुर्स्या माझ्या होत्या. पंखा बी माझा. बुढीकडं हाय काय? एक चटई अन् एक पतेली. तुमच्या लोकान्ला इतकं बी दिसंना?’

लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, ‘आन् मिक्सर आमचा. अजून परत न्हाई आला.’

‘नेऊन दिला की गं,’ गयाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. ‘कवाच दिला. लोकासमोर कामून बोलायलीस?’

अजून हसू. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, ‘आम्ही येणार हे आजींना आधी कुणी सांगितलं होतं का?’

आता मला एक नियम तुम्हाला सांगायला हवा. तो आमच्या हस्तपुस्तिकेत आहे, फक्त कार्यकर्त्यांना ठाऊक असतो. घरच्यांनी आपल्या मनानं काही मांडामांड केली असेल तर पाहणी तशीच कायम राहते. पण संस्थेच्याच माणसानं दिवस फोडला असेल तर ती पाहणी रद्द होते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून होतं. वस्तीसमोर हा नियम कुणी बोलून दाखवत नाही, नाहीतर प्रत्येक जण ‘मला सांगितलं होतं’ म्हणेल. सर विचारत होते ते त्यासाठी. त्यांच्या प्रश्नात गयाबाईंची खोली होती. मी ‘हो’ म्हणाले असते तर पाहणी पुन्हा झाली असती. कॅलेंडरमागची गळकी भिंत, काठी, ती फरशी – सगळं दिसलं असतं.

गयाबाईंना तो नियम माहीत नव्हता. मला माहीत होता.

माझी नोकरी कायम व्हायचा कागद पुढच्या आठवड्यात होणार होता. सर माझ्याकडं वळले. रागानं नाही, नुसतं विचारायचं म्हणून. ‘वैशाली?’

‘नाही सर,’ मी म्हणाले. ‘मी कुणालाच सांगितलं नव्हतं.’ आणि तेवढ्यावर थांबले नाही. कुणी विचारलं नसताना म्हणाले, ‘आजींनी मनानंच केलं असेल.’

गयाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. किती वेळ? एक क्षण असेल. त्या नजरेत राग होता का, हे मी इतकी वर्षं आठवून पाहते. राग नव्हता. त्या बघत होत्या – एखादं पोर पडायला आलं तर आपण बघतो ना, आता पडतंय की सावरतंय – तसं.

मग त्या म्हणाल्या, ‘हाव सर. म्या मनानंच केलं. पाव्हणं येनार मनून कानावर आलतं. ह्या पोरीचं काई न्हाई त्यात.’

‘आजी, कुणी सांगितलं असेल तर सांगा. घाबरू नका,’ सर म्हणाले.

म्हणजे अजून एक संधी होती. मी सतरंजीच्या दोऱ्याकडं बघत होते.

‘कुनीबी न्हाई. माझंच डोकं,’ गयाबाई म्हणाल्या.

सरांनी वहीत लिहिलं. ‘पुढच्या यादीत आजींचं नाव आधी घेऊ,’ असं म्हणाले. भाभी बराच वेळ पुटपुटत होती. बैठक संपली. पुढच्या आठवड्यात माझा कागद झाला. आईला मी फोन केला, तिनं गावात पेढे वाटले.

नोकरी गेली असती का? मी स्वतःला सांगत राहिले की गेली असती. दोन वर्षांनी नांदेडच्या एका कार्यकर्त्याच्या हातून हीच चूक झाली. त्यानं त्याच दिवशी येऊन सरांना सांगितलं. सर त्याला थोडं बोलले, मग चहा पाजला, आणि पाहणी पुन्हा झाली. मी त्या खोलीत होते. चहा मीच आणून दिला होता.

*

पुढची यादी लागायला तीन वर्षं गेली. त्या तीन वर्षांत मी दर आठवड्याला गयाबाईंकडं जात होते. कधी फळं, कधी गुडघ्यांचं तेल. त्या कधी त्या बैठकीचा विषय काढत नसत. मी ‘आजी, पाणी प्या हो’ म्हणायचे. मला हे म्हणायची लाज कशी वाटली नाही?

दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी त्या फरशीवरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं, पण उमर झालेली. पाय पुन्हा उभा राहिला नाही. पुढच्या वर्षी त्यांना खोली मिळाली. तळमजला, कोपऱ्यातली, खिडकीतून कडुनिंब दिसणारी. गृहप्रवेशाला आम्ही त्यांना खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून आत नेलं. आतला संडास पलंगापासून चार पावलांवर आहे. दांडी मी स्वतः उभी राहून बसवून घेतली, त्यांच्या हाताच्या उंचीवर. त्या तिथवर कधी चालत गेल्या नाहीत. संगीतामावशी म्हणून आमच्या मदतनीस आहेत, त्या त्यांचं सगळं पलंगावर करतात.

गयाबाई आता पाणी पितात. मावशी म्हणतात, सारखं मागतात.

आणि ती गोष्ट? ती मी सुरू केली नाही. सरांनीच एकदा प्रशिक्षणात म्हटलं, ‘वैशाली, ते गयाबाईंचं सांग ना, पोरांना उपयोगी पडेल.’ मी उभी राहिले आणि सांगितली. लोक हसले. सर म्हणाले, ‘वा.’ मग दर वेळी. मग ती माझीच झाली. हळूहळू मी तिला मीठमसाला लावायला लागले. खुर्च्या दोनच्या चार झाल्या. एकदा कुणी हसेना म्हणून मी म्हटलं, ‘अहो, फ्रिजसुद्धा आणला होता म्हातारीनं!’ हशा पिकला. तेव्हापासून फ्रिज राहिला.

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी बॅच लातूरला इमारत बघायला येते. एकदा कुणीतरी विचारलं, त्या आजी आहेत का अजून? सर त्यांना गयाबाईंच्या खोलीत घेऊन गेले. मी मागं राहिले. सरांनी हाक मारली. ‘या बघा त्याच गयाबाई. वैशाली, सांग ना यांच्यासमोर.’

मी सांगितली. त्यांच्या पलंगाशी उभं राहून. आणि त्या काय करतायत? हसतायत. माझ्या मधेच म्हणतायत, ‘हाव, म्या येडीनं काटीबी लपवली बगा.’ पोरांना हसवतायत. जिथं मी अडखळले तिथं त्यांनी मला धरून पुढं नेलं. तेव्हापासून प्रत्येक बॅच तिथं जाते, आणि आम्ही दोघी मिळून ती गोष्ट सांगतो.

एकदाच, बॅच गेल्यावर, त्यांनी मला थांबवलं. मावशी बाहेर होत्या.

‘फ्रिज कवा होता गं माझ्याकडं?’

मी म्हणाले, ‘आजी, ते आपलं – लोकांनी हसावं म्हणून.’

‘असू दे. हसतेत तर हसू दे.’ मग खिडकीकडं बघत म्हणाल्या, ‘पर खुर्च्या दोनच होत्या. तूच म्हनलीस, दोन आन.’

मला वाटलं आता त्या पुढं काही बोलतील. मी वाट पाहत होते. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं का? त्यांनी उशी वर करायला सांगितली. मी केली. पाणी मागितलं. मी दिलं.

त्यांना सगळं आठवतं, हे मला त्या दिवशी कळलं. आणि पुढच्या महिन्यात मी मुरुडला जाऊन तीच गोष्ट सांगितली. एवढाच फरक केला, की फ्रिज काढला. खुर्च्या चारच ठेवल्या – दोन म्हणायला जीभ वळेना.

आता त्या फार थकल्या आहेत. त्या गेल्या की हे माहीत असणारी मी एकटीच उरेन. हे मनात आलं की मला भीती वाटते. आणि सगळं सांगायचं ठरवलंय म्हणून खरं सांगते – भीतीच्या खाली कुठंतरी थोडं हलकंही वाटतं. त्या हलकेपणाची मला जास्त भीती वाटते.

आज दुपारी मी त्यांच्या खोलीत गेले होते. उद्या अकराला नवी बॅच येणार आहे, ते सांगायला. त्यांना आधी सांगावं लागतं, म्हणजे मावशी त्यांची वेणी घालतात, चादर बदलतात.

‘किती जन हायत?’

‘बारा.’

‘मंग आवरून ठिऊ का?’

पलंगावरून त्या माझ्याकडं बघत होत्या, सतरंजीवरून बघितलं होतं तसं. माझ्या तोंडून ‘हो’ निघून गेलं.

मघापासून पान समोर आहे. वर ‘गयाबाईंची चूक’ असं आधीच लिहून ठेवलं होतं, ते मी खोडलं. खाली माझं नाव घातलं. मधे अजून एवढंच झालं आहे : पाहणीचा दिवस गयाबाईंना मी सांगितला. दोन खुर्च्या आणा, असंही मीच म्हणाले. सरांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले, आणि त्यांची खोली गेली.